भाडेकरारात एसीची जबाबदारी लिहा: गृहनिर्माण आणि नोंदणी विभागाला खुलं पत्र

मा. अधिकारी,
गृहनिर्माण विभाग आणि नोंदणी व मुद्रांक विभाग,
महाराष्ट्र शासन

नमस्कार,

मी ठाण्यात राहते आणि भाडेकरार, म्हणजे लीव्ह अँड लायसन्स, ऑनलाइन रजिस्टर करून द्यायचं काम करते. लॅपटॉप आणि अंगठ्याचा ठसा घ्यायचं थंब मशीन घेऊन घरोघर जाते, कधी घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये, कधी वर्तकनगर, कधी कळवा, कधी ट्रान्सहार्बर लोकल पकडून ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे. अंगठा देताना मालक आणि भाडेकरू एकाच सोफ्यावर बसून चहा पितात आणि मार्च लागला की त्याच दोघांचे मला वेगवेगळे फोन यायला लागतात. पूर्वी हे फोन पाण्याचे, लिकेजचे, डिपॉझिटचे असायचे, आता उन्हाळ्यात बरेचसे एसीचे असतात. आणि माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नसतं, कारण करारात एसी फक्त सामानाच्या यादीत येतो. पंखे ४, ट्यूब ५, गीझर १, एसी १. त्यापुढे त्या एसीचं काय, बिघडला तर कोणाचा, याबद्दल एक ओळ नाही.

तुमच्या सिस्टीममधून जो ठराविक मसुदा निघतो तो मला आता पाठ झालाय. लाईट बिल लायसन्सीने, म्हणजे करारावर जागा घेऊन राहणाऱ्याने भरायचं. टॅक्स, मेंटेनन्स, नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) मालकाने भरायचे. जागा आहे त्या स्थितीत ठेवायची आणि नुकसान झालं तर लायसन्सीने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचं, नॉर्मल वेअर अँड टेअर, म्हणजे वापराने होणारी झीज सोडून. आणि मालकाला विचारल्याशिवाय जागेत कसलाही बदल करायचा नाही. एसीची सगळी भांडणं या शेवटच्या दोन कलमांतूनच निघतात. एसी बंद पडला की मालक म्हणतो तुम्ही वापरताना बिघडला म्हणजे नुकसान, भाडेकरू म्हणतो जुनाच होता म्हणजे वेअर अँड टेअर, आणि दोघंही करार उघडून मलाच विचारतात की मॅडम यात काय लिहिलंय. काहीच लिहिलेलं नाही.

ऐरोलीतल्या एका जोडप्याचं सांगते. बाळ नुकतंच झालेलं, मे महिना, टॉप फ्लोअर. एसी चालू होता पण थंड करेना. मेकॅनिक आला, म्हणाला गॅस संपलाय, भरावा लागेल. मालक पुण्याला, फोनवर म्हणाले गॅस तुम्ही वापरलात तर तुम्हीच भरा, सिलेंडर संपल्यावर मी देतो का? भाडेकरूने भरला. काही आठवड्यांत परत तेच. तेव्हा कुठे दुसऱ्या मेकॅनिकने नीट बघितलं, कॉईलला, म्हणजे गॅस ज्यातून फिरतो त्या पाईपांच्या जाळीला, बारीक भोक पडलं होतं. तोवर पावसाळा तोंडावर आला होता आणि डिपॉझिटमधून कापाकापीचं बोलणं सुरू झालं होतं.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण हा गैरसमज मला दोन्हीकडे सारखाच दिसतो. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो एका बंद पाईपमध्ये फिरत असतो, आतली उष्णता उचलतो आणि बाहेर लावलेल्या आउटडोअर युनिटमधून टाकतो, परत आत येतो. मशीन धड असेल तर वर्षानुवर्षं तोच गॅस चालतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी लीक आहे, आणि लीक भाडेकरूने एसी रात्रभर लावल्यामुळे होत नाही. जॉइंट ढिला असतो, फिटिंग करताना फ्लेअरिंग (जोडणीसाठी पाईपचं तोंड पसरवणं) नीट झालेलं नसतं, किंवा कॉईल गंजलेली असते. आपल्याकडे खाडी आहे, खारी दमट हवा आहे, आणि नाल्यांच्या आसपास हवेत जो सडका वास असतो त्यातल्या वायूने तांबं खराब होतं. ऐरोली, कोपरखैरणे, कळव्याकडचे मेकॅनिक हे रोज बघतात. म्हणजे ही झीज जागेची आणि मशीनची आहे. तरी पैसे कोण भरतं? ज्याला त्या रात्री झोपायचंय तो भरतो, कारण मालक दुसऱ्या गावात स्वतःच्या घरात झोपलेला असतो.

उलटंही बघितलंय, ते पण सांगायला पाहिजे. कोपरखैरण्यात एक निवृत्त मावशी आहेत, एका फ्लॅटच्या भाड्यावर घर चालतं. त्यांनी नवा इन्व्हर्टर एसी लावून दिला. आधीच्या भाडेकरूने पूर्ण मुक्कामात एकदाही फिल्टर धुतला नाही, सर्व्हिस केली नाही, कॉईल धुळीने चोंदून बर्फ धरायला लागली आणि शेवटी कॉम्प्रेसर गेला. फिल्टर काढून नळाखाली धरायला पाच मिनिटं लागतात. नव्या कॉम्प्रेसरचा खर्च म्हणजे मावशींचं एका महिन्याचं भाडं गेलं. त्यांच्याही करारात काही नव्हतं, त्यामुळे त्यांना एक पैसा मागता आला नाही. तेव्हा मी फक्त भाडेकरूंची बाजू घेऊन लिहितेय असं कृपा करून समजू नका.

आता कायद्याकडे येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये कलम १४ आहे, मालकाने जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवायची, नोटीस देऊन १५ दिवसांत नाही केली तर भाडेकरूने स्वतः करून भाड्यातून वळती करायची, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. चांगलं कलम आहे. कलम २९ आहे, मालकाने अत्यावश्यक सेवा तोडायच्या नाहीत, त्यात पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई येतं. पण हे भाडेकरूसाठी, आणि आज ठाणे-नवी मुंबईत नवीन घर भाड्याने घेणारा जवळजवळ प्रत्येकजण कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नसून लायसन्सी असतो. त्याच्या वाट्याला येतं कलम २४, म्हणजे मुदत संपली की जागा सोडा, नाही सोडली तर दुप्पट दराने नुकसानभरपाई. आणि त्याच कलमात असंही आहे की लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा. म्हणजे कागदावर जे आहे तेच खरं. मग जी गोष्ट कागदावर नाहीच तिच्यासाठी लायसन्सीने जायचं कुठे? म्हणून मी कोर्टाचं काही न म्हणता कागदाबद्दल बोलतेय, आणि कागद तुमच्या हातात आहे.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडे कायदा मंजूर केला, राज्यांनी त्यावरून आपापले कायदे करावेत म्हणून. त्याच्या परिशिष्टात दुरुस्त्यांची वाटणी दिलीय, करारात वेगळं ठरलं नसेल तर कोणी काय करायचं. भिंतींचं स्ट्रक्चर, रंग, पाईप, मोठं वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, गीझर, बाथटब, स्विच, खिडकीच्या काचा, मच्छरजाळ्या भाडेकरूकडे, आणि विजेच्या उपकरणांची दुरुस्ती आणि बदलीसुद्धा भाडेकरूकडे. बाथटबचं नाव आहे, एसीचं नाही. मी ज्या घरांत जाते त्यातल्या किती घरांत बाथटब असतो? आणि विजेची उपकरणं या शब्दात एसी घातला तर आठ-दहा वर्षं जुन्या एसीचा कॉम्प्रेसर ११ महिन्यांसाठी आलेल्या माणसाच्या गळ्यात पडतो. उद्या महाराष्ट्रात यावरून काही करायचं ठरलं तर ही वाटणी जशीच्या तशी उचलू नका एवढं आत्ताच सांगून ठेवते.

कोणी म्हणेल एसी ही चैन आहे, आमच्या वेळी पंखासुद्धा नव्हता. मला हे वाक्य जवळजवळ दर उन्हाळ्यात एखाद्या मालकाकडून ऐकायला मिळतं. माझं म्हणणं आहे की हवा बदललीय आणि घरंही बदललीत. हवामान खातं किनारपट्टीला उष्णतेची लाट कधी म्हणतं, तर तापमान ३७ किंवा त्याच्या वर आणि नेहमीपेक्षा निदान साडेचार अंश जास्त असेल तेव्हा. विदर्भातल्या माणसाला ३७ काहीच वाटणार नाही, पण आपल्याकडे हवेत एवढं पाणी असतं की घाम सुकतच नाही, आणि घाम सुकला नाही की अंग थंड व्हायचं थांबतं, मग पंखा नुसती गरम हवा फिरवतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर दुपारी उघड्या मैदानावर कार्यक्रम झाला आणि उष्माघाताने १४ माणसं गेली. तो प्रसंग मैदानातला होता, घरातला नव्हता, मला माहितेय. पण तेव्हा आपल्या सगळ्यांना कळलं की इथली गरमी माणूस मारू शकते, आणि त्यासाठी ४५ डिग्री लागत नाही.

आणि रात्र. टॉप फ्लोअरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री एक-दोनपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. गावठाणातल्या इमारती एकमेकींना चिकटलेल्या, खिडकी उघडली तर समोर दुसऱ्याची भिंत. महापे, ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नाईट शिफ्ट करणारी पोरं सकाळी आठला घरी येऊन झोपतात, म्हणजे दुपारी बारा ते चारचं ऊन बरोबर त्यांच्या झोपेत येतं. त्यांनी काय करायचं? बाळंतीण, वयस्कर माणसं, बीपीच्या गोळ्या खाणारे, यांच्यासाठी ही चैन नाही. ठाणे महापालिकेनेच २०२४ मध्ये हीट ॲक्शन प्लॅन काढलाय. केंद्राच्या २०१९ च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये सगळ्यांना सुसह्य तापमान मिळावं असं उद्दिष्ट आहे. भाडेकराराचा कागद मात्र या कशाशीच जोडलेला नाही.

बाहेरच्या देशांतही मालकाचं कर्तव्य म्हणजे थंडीत हीटर असंच वर्षानुवर्षं होतं. न्यूयॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मे घर गरम ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. पण गरम शहरांनी तोच नियम उलटा लावलाय. अमेरिकेत फिनिक्सला भाड्याच्या घरात एसी असेल तर त्याने खोली ८२ फॅरनहाइट, म्हणजे साधारण २८ डिग्रीपर्यंत थंड झालीच पाहिजे. मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीत १ जून ते १५ सप्टेंबर ८० फॅरनहाइटच्या वर जाऊ द्यायचं नाही. तिथले कायदे इथे चिकटवा असं मी म्हणत नाहीये. त्यांनी आकडा आणि महिने ठरवून टाकले, एवढंच घेण्यासारखं आहे.

आणि मी सक्तीचा एसीसुद्धा मागत नाही. घणसोली गावातल्या दहा बाय बाराच्या खोलीच्या मालकाला सक्ती केली तर तो एसी लावेल आणि भाडं असं वाढवेल की आत्ता तिथे राहतोय तो माणूस बाहेर पडेल. माझं मागणं दोनच प्रकारच्या घरांबद्दल आहे. जिथे एसी दाखवून भाडं घेतलंय तिथे तो चालू ठेवायची जबाबदारी, आणि जिथे नाही तिथे भाडेकरूला स्वतःचा लावायची मोकळीक.

पहिल्याबद्दल. सामानाच्या यादीत नुसतं एसी १ नको. किती टनाचा, कोणत्या वर्षाचा, किती स्टार, शेवटची सर्व्हिस कधी, हे चार रकाने द्या. स्टार आणि वर्ष मशीनवरच्या लेबलवर छापलेलं असतं, मालकाने फोटो काढून टाकला तरी झालं. हे रकाने का पाहिजेत, तर एसी विकत घेतो मालक आणि बिल भरतो भाडेकरू. मालक दुकानात काही हजार वाचवून कमी स्टारचा घेतो आणि ते पैसे भाडेकरू पुढे दर महिन्याला महावितरणला भरत बसतो. चांगला दीड टनाचा इन्व्हर्टर तासाला साधारण एक युनिट धरला तरी रोज रात्रीचे आठ तास म्हणजे महिन्याला २४० युनिट, त्यात फ्रिज, पंखे, गीझर मिळवले की ३०० युनिटचा स्लॅब ओलांडला आणि वरचे युनिट महाग झाले. जुन्या साध्या एसीला याहून जास्त लागतं. स्टारचे निकषही मधूनमधून कडक होतात, २०२२ च्या जुलैतही झाले, म्हणून नुसतं फाइव्ह स्टार लिहून भागत नाही, वर्ष लागतंच. घर बघतानाच हे कळलं तर भाडेकरू त्या हिशोबाने भाडं बोलेल.

मग दुरुस्तीची वाटणी सरळ लिहा. फिल्टर धुणं आणि वर्षातून दोनदा सर्व्हिस लायसन्सीकडे, पावत्या जपून ठेवायच्या. गॅस लीक, कॉईल, पीसीबी (आतलं सर्किट बोर्ड), कॉम्प्रेसर, आउटडोअरचा पंखा मालकाकडे, सर्व्हिसच्या पावत्या असतील तर. कोपरखैरण्याच्या मावशींनाही यात संरक्षण आहे, पावती नाही तर भाडेकरूने भरायचं. आणि मुदत. १५ फेब्रुवारी ते १५ जून या काळात मालकाला कळवल्यापासून सात दिवसांत दुरुस्ती, नाही झाली तर लायसन्सीने करून पावतीसकट भाड्यातून वळती. कलम १४ मध्ये हेच तत्त्व आधीपासून आहे, मी नवीन काही मागत नाहीये, फक्त १५ दिवसांचे ७ करा आणि लायसन्सीलाही द्या. मे महिन्यातले १५ दिवस फार असतात.

दुसरं, स्वतःचा एसी लावायचा असेल तर. इथे सोसायट्यांच्या कमिट्यांनाही सांगायचंय कारण अडवणूक तिथेच जास्त होते. भाडेकरू अर्ज घेऊन गेला की मेंबरनेच, म्हणजे फ्लॅटमालकानेच अर्ज करावा म्हणतात, मेंबर दुबईला. मेंबरचं पत्र आणलं तर एलिव्हेशनला, म्हणजे इमारतीच्या दर्शनी बाजूला, आउटडोअर चालणार नाही म्हणतात, आणि त्याच एलिव्हेशनला शेजारच्या मेंबरचे दोन आउटडोअर लटकत असतात. त्या फ्लॅटकडून नॉन ऑक्युपन्सी चार्जेस मात्र न चुकता घेतले जातात, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंत, २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे. नियम असावा, आउटडोअर डक्टमध्ये किंवा ठरलेल्या जागी असावा, ड्रेनचं पाणी खालच्याच्या खिडकीवर पडू नये, ब्रॅकेट मजबूत असावा, लटकून काम करणाऱ्या माणसाला सेफ्टी बेल्ट असावा, याला कोणाचीच हरकत नाही. पण नियम एकच असावा, मेंबरला वेगळा आणि भाडेकरूला वेगळा नको. आणि मालकाची परवानगी करार करतानाच घ्यायची सोय करा, म्हणजे भिंतीला एक कोअर कटिंगचं भोक पडलं तर तो कराराचा भंग ठरणार नाही. जाताना भाडेकरूने मशीन न्यावं, भोक बुजवून रंग लावून द्यावा, किंवा मालकाशी बोलून ठेवून जावं.

वायरिंगबद्दल मात्र मला अजिबात तडजोड नकोय. सिडकोच्या जुन्या बिल्डिंगींत मी असे एसी बघितलेत की जे पंख्याच्या लाईनवरून एक्स्टेंशन बोर्डाला जोडलेत. वायर हाताला गरम लागते. बोर्ड काळा पडलेला असतो आणि त्याच्याखाली लहान मूल झोपलेलं असतं. एसीला डीबीपासून, म्हणजे घरातल्या मेन बोर्डापासून, वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, आणि गरज असेल तर महावितरणकडे मंजूर लोड वाढवून घ्यावा लागतो. हे काम घराचं आहे, घरातच राहणार आहे, पुढच्या दहा भाडेकरूंना उपयोगी पडणार आहे. म्हणून हा खर्च मालकाचाच. एसी देत नसाल तर नका देऊ, पण एक पॉइंट तरी द्या.

टॉप फ्लोअरबद्दल एक जोडते. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफ धोरण आणलं, गच्ची पांढरी किंवा ऊन परतवणारी करायची. गच्चीला पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट मारला तर खालच्या घरातला ताप कमी होतो, एसी कमी वेळ चालतो, आणि हे काम सोसायटीच्या मेंटेनन्समधून करता येतं. गच्ची कोणा एका मेंबरची नसते, त्यामुळे एकटा मालक ते करू शकत नाही आणि भाडेकरू तर नाहीच नाही. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी यासाठी प्रॉपर्टी टॅक्समध्ये थोडी सूट दिली तर कमिट्या स्वतःहून करतील.

हे सगळं करायला विधानसभेत जाईपर्यंत थांबायची गरज नाही असं मला वाटतं. कलम १४ आणि २९ लायसन्सींना लागू करायचं तर दुरुस्ती लागेल, ती गृहनिर्माण विभागाने जरूर सुरू करावी. पण ऑनलाइन मसुद्यात एक कलम आणि चार रकाने वाढवणं नोंदणी विभागाच्या हातातलं आहे. तुम्ही स्टॅम्प ड्युटीसाठी डिपॉझिटवरचं मानीव व्याजसुद्धा (मिळालं असं धरलेलं व्याज) मोजता, एवढा बारकावा त्या सिस्टीममध्ये आहेच. आज जादा अटींच्या जागेत मी स्वतः एसीबद्दल चार ओळी टाकून देते, पण मालकाला नको असेल तर तो म्हणतो हे काढा, आणि घर हवं असलेला माणूस गप्प बसतो. मसुद्यात आधीपासून छापील असेल तर काढून टाकायला सांगायला मालकालाही दोनदा विचार करावा लागेल.

आपल्याकडे एप्रिल ते जून, शाळांच्या सुट्टीत, सगळ्यात जास्त घरं बदलली जातात. त्यामुळे बदल करायचा तर फेब्रुवारीच्या आत करा आणि मराठीतही करा, कारण गावठाणातले कितीतरी मालक इंग्रजी मसुद्यावर न वाचता अंगठा देतात. आत्तापर्यंतच्या भांडणांवरून मी कलमाचा एक कच्चा मसुदा लिहून ठेवलाय, तो या पत्रासोबत दोन्ही विभागांना पाठवतेय. तुमच्या वकिलांकडून तपासून घ्या, शब्द बदला, वाटणी थोडी इकडची तिकडे करा. सात दिवसांची मुदत मात्र काढू नका.

आपली,
भाडेकरार नोंदवून देणारी एक ठाणेकर